जांभळांच्या दिवसांतलं कुलूप

बदलापूर पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेच्या थोडं पुढे, जांभूळवाल्या बसायला लागल्या. आसपासच्या पाड्यांवरून सकाळीच निघून आलेल्या असतात त्या. टोपलीत खाली पानं, वर जांभळं, त्यांवर पाण्याचा हबका आणि शेजारी पळसाच्या पानांचे द्रोण एकात एक घालून ठेवलेले. "घे रं दादा, नुसती साखर हाय," म्हणत त्यांच्यातली एखादी दोन जांभळं हातावर ठेवते, आणि मग न घेता पुढे जाणं अवघड होतं.

हेंद्रेपाड्यात घरी परतताना मी एक द्रोण घेतो. फोटो काढावा म्हणून फोन बाहेर काढतो आणि तसाच परत खिशात ठेवतो. दर वर्षी हेच होतं. या दिवसांत मला एका माणसाचा हेवा वाटत असतो आणि तो वाटत असल्याची लाज वाटत असते. दोन्ही एकदमच येतात, जांभळाच्या गराबरोबर तुरटपणा येतो तसे.

ज्यांचा हेवा वाटतो ते पाटकर अंबरनाथला राहतात आणि त्यांना दिसत नाही.

हे वाक्य लिहून मी थोडा वेळ थांबलो. लिहिल्यावर ते जितकं वाईट दिसतं, तितकंच ते आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाटकर ड्राफ्ट्समन होते, यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढायचे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार त्यांच्या घराण्यात होता, पन्नाशीच्या आतच त्याने त्यांना गाठलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी धडधाकट आहे, नोकरी चालू आहे, चष्मासुद्धा फक्त पेपर वाचायला लागतो. तरी त्यांच्याकडे असं काहीतरी होतं, जे माझ्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे माणसं होती. आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती माणसं माझी होती.

'आज काय दिसलं' नावाचा एक ग्रुप मी सुरू केला होता. एका मोठ्या परदेशी प्लॅटफॉर्मवर, जिथे जगभरातल्या लोकांचे असे असंख्य ग्रुप चालतात. कल्पना साधी होती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या माणसांनी दिवसभरात दिसलेली एक गोष्ट तिथे टाकायची. चंदेरी गडाच्या सुळक्याला अडकलेला ढग, बारवी धरणाच्या रस्त्यावरचं एखादं रानफूल, शिफ्ट सुटल्यावर रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसलेले कामगार. ही तिन्ही गावं म्हणजे रात्री झोपायला परत यायची गावं, असं लोक म्हणतात. त्यांच्याकडे कुणीतरी जागेपणी बघावं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

माझ्याबरोबर ग्रुप सांभाळायला भाविका होती. उल्हासनगरची सिंधी मुलगी, घरचा जीन्स शिवायचा कारखाना. तिचं मराठी शाळेत शिकलेलं आणि बाजारात वापरलेलं, पण लिहायला ती कधी कचरली नाही.

पाटकर ग्रुपवर आले तेव्हा त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं, "फोटो छान आहे असं सगळे म्हणतायत. कशाचा आहे?"

त्यांच्या फोनवर एक फुकट ॲप होतं. प्लॅटफॉर्मचं नव्हे, कुणा तिऱ्हाईत पोराने हौसेने बनवलेलं. ते ग्रुपवरचा मजकूर वाचून दाखवायचं, मराठीसुद्धा. फोटो आला की मात्र "चित्र" एवढंच म्हणून पुढे जायचं. त्याच संध्याकाळी मी नियम केला. फोटोखाली चार ओळी लिहायच्या, फोटोत काय आहे ते सांगायचं, नाहीतर फोटो काढून टाकला जाईल.

त्या नियमाने ग्रुपचं रूपच पालटलं. फोटो टाकून पळणारी माणसं थांबून बघायला लागली. बदलापुरातल्याच कुळगावच्या एकाने लिहिलं होतं की, जांभळावर धुरकट पांढरी झाक असते, ती बोटाने पुसली की खालचा काळा रंग चमकतो. जन्मभर जांभळाच्या झाडाखाली राहून आपण हे बघितलंच नव्हतं, असंही त्याने खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं. लोक एकमेकांच्या ओळींना दाद देऊ लागले. भाविकाने त्या पद्धतीला नाव दिलं, 'पाटकर नियम'. सगळ्यांना ते आवडलं.

नियम मी केला होता.

पुढे वाढत गेलेलं सगळं त्या एका ठिणगीतून वाढलं असं म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर मत्सराला ठिणगी वगैरे लागत नाही. तो घरात ओल येते तसा येतो. भिंत कधी फुगली ते कळत नाही, एके दिवशी हात लावला की पोपडा पडतो. कुळगावच्या जुन्या तळ्यावर मी एकदा भलामोठा लेख लिहिला होता. तीन रविवार खपलो होतो. त्याखाली पाटकरांनी लिहिलं, "मोहिते, तळं दिसलं. आता बाहेर काढा, बुडतोय." लोक खो खो हसले. माझ्या लेखाला कुणी काही म्हटलं नाही, त्या एका ओळीखाली मात्र लाल बदामांची रीघ लागली. मीही एक बदाम दिला. तो देताना अंगठा इतका जोरात दाबला की काचेवर ठसा उठला.

"अहो, चहा गार झाला," माझी बायको वैशाली म्हणायची. "परत त्या पाटकरांच्या खाली किती बदाम आले ते बघताय ना?"

"छे. मी ग्रुपचं काम करतोय."

"मग कपाळाला आठी कसली?"

माझ्या पोस्टखाली लोक विचारायचे, "पाटकर काका कुठे आहेत? त्यांनी बघितलं का?" म्हणजे मी वाढलेल्या ताटावर बसून लोक दुसऱ्याच यजमानाची वाट बघत होते. आणि त्या माणसावर रागावताही येत नव्हतं. तो फोन करून म्हणायचा, "मोहिते, तुम्ही हे काढलंत म्हणून माझा दिवस जातो हो." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. बरं वाटायचंही. फोन ठेवेपर्यंत.

असाच जांभळांचा हंगाम सुरू होत होता, तेव्हा प्लॅटफॉर्मच्या कंपनीने नवं धोरण जाहीर केलं. बाहेरच्या ॲपनी आमचा मजकूर वापरायचा असेल तर त्याचे पैसे भरा, आणि पैसे असे की हौसेने ॲप चालवणाऱ्या पोरांनी ते भरणं शक्यच नव्हतं. पाटकरांचं ॲप ज्याने बनवलं होतं त्याने दुसऱ्याच दिवशी कळवलं, महिनाअखेरीस ॲप बंद. कंपनीचं स्वतःचं ॲप होतं, पण न दिसणाऱ्या माणसाच्या ते कामाचं नव्हतं. पाटकरांनी ते वापरून बघितलं आणि ग्रुपवर त्याचं रेकॉर्डिंग टाकलं. त्यात ते ॲप एका बाईच्या सपाट सुरात म्हणत होतं, "बटन. बटन. बटन. बटन." मराठी मजकूर आला की ते चक्क गप्प व्हायचं आणि पुन्हा, "बटन." शेवटी पाटकरांचा आवाज, "मंडळी, मला टेलरच्या दुकानात आणून बसवलंय. कुणीतरी काजं घेऊन या."

भाविकाने लिहिलं, "काका, आमच्या कारखान्यात या, तिकडे बटनं लावायला माणूसच पाहिजे."

जगभर ग्रुपवाले चिडले होते. ग्रुप चालवणारी माणसं बिनपगारी, लिहिणारी बिनपगारी, त्यांच्या मजकुरावर कंपनी उभी, आणि कंपनी त्यांनाच न विचारता दारं बंद करत होती. ठरलं असं की, सगळ्यांनी आपापल्या ग्रुपला दोन दिवस कुलूप लावायचं. कुलूप म्हणजे नवं लिहायचं नाही आणि जुनंही कुणाला दिसायचं नाही. आम्हीही सामील झालो. आमच्या ग्रुपचं निवेदन मी लिहिलं. मुद्देसूद, सभ्य, पानभर. ते कुणी वाचलं असेल तर मला माहीत नाही. पाटकरांचं "बटन, बटन" मात्र दुसऱ्या भाषांच्या ग्रुपवर फिरलं. लोकांनी ते आपल्या नावापुढे लावलं, त्यावर चित्रं काढली. मराठी न कळणारी माणसं, टेलर आणि काजं म्हणजे काय ते एकमेकांना समजावून सांगू लागली.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. कुठल्याशा वर्तमानपत्रातली मुलगी होती. "तुम्हीच या ग्रुपचे संस्थापक ना, सर?"

"हो, मीच," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"छान. मग मला पाटकरांचा नंबर द्या ना."

मी दिला. घरी वैशालीने विचारलं, दुपारी फोन का लागत नव्हता, कुणाशी बोलत होतात? चुकून आलेला फोन होता, असं मी तिला सांगितलं.

त्या दिवसांत मनात एक विचार यायचा, तो इथे लिहून टाकतो. उद्या माझे डोळे गेले, तर माझ्यासाठी कुणी दुकानाची एक फळी तरी ओढून घेईल का? पाटकरांसाठी माणसं आपापली दारं बंद करून बसली होती. अंबरनाथच्या दोन खोल्यांत बसलेल्या एका माणसासाठी. त्यांच्या दुःखाचाही मला हेवा वाटत होता, कारण त्यांच्या दुःखाभोवती गर्दी होती.

दोन दिवस झाले. बहुतेक ग्रुप उघडले. काहींनी ठरवलं, कंपनी हलत नाही तोवर उघडायचं नाही. उघडायची किल्ली फक्त ग्रुप सुरू करणाऱ्याकडे असते, म्हणजे आमच्या बाबतीत माझ्याकडे. आणि मला त्या दोन दिवसांत एक गोष्ट कळली होती. ग्रुप बंद असला की पाटकर कुठे आहेत असं कुणी विचारत नाही. बदाम नाहीत, ओळी नाहीत, हशा नाही. ते गप्प आणि मीही गप्प. कितीतरी दिवसांनी आम्ही सारखे झालो होतो. मला शांत झोप लागत होती.

भाविकाचा फोन आला. "दादा, ऐका ना. दोन दिन बोला था. लोक मला विचारतायत. जांभळाचा सीझन आहे आणि ग्रुप बंद, अच्छा नहीं लगता."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, भाविका."

"तत्त्व ठीक है दादा, पण काकांना विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मग पाटकरांनीच फोन केला. "अहो मोहिते, उपोषण माझ्या नावाने आणि जेवण सगळ्यांचं बंद. हे काय चाललंय? उघडा की."

"पाटकर, आपण आत्ता माघार घेतली तर कंपनीचं फावेल."

"कंपनीचं काय व्हायचं ते होईल. महिनाअखेरीला माझं ॲप जाणार. तोवर तरी ऐकू द्या. माझी बायको सांगत होती, या वर्षी जांभळं फार आलीत. लोक काय काय लिहितील."

ते जे मागत होते ते मला स्पष्ट कळत होतं. माझ्या डोळ्यांवर कसली झापड नव्हती, मी कुठल्या आवेशात नव्हतो. त्यांच्याकडे ऐकण्याचा एक शेवटचा हंगाम उरला होता. तो त्यांना देणं माझ्या एका बोटावर होतं. मी म्हटलं, "तुमच्यासाठीच तर करतोय हे सगळं."

"बरं," ते म्हणाले.

बाहेर माझं कौतुक सुरू झालं होतं. दुसऱ्या ग्रुपवाल्यांनी लिहिलं की एवढ्याशा मराठी ग्रुपने कणा दाखवला. कुणी मला निष्ठावान म्हटलं, कुणी मित्र असावा तर असा, असं म्हटलं. ते शब्द मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. आयुष्यात पहिल्यांदा बदाम माझ्या नावाखाली येत होते, आणि ते कशाबद्दल येताहेत हे फक्त मला माहीत होतं. खरकटं असून गोड लागावं तसं ते लागत होतं.

स्टेशनबाहेर जांभळांच्या टोपल्या भरल्या, मग उतरल्या, मग टोपल्यांत चिरलेली, आंबूस वासाची उरलीसुरली जांभळं दिसायला लागली. रस्त्यावर टायरखाली चिरडलेल्या फळांचे जांभळे डाग राहिले. त्याबद्दल त्या वर्षी कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. महिना संपला. ॲप बंद झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने बंद ग्रुपांच्या चालकांना निरोप पाठवला. ग्रुप उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा चालक नेमू. मी त्याच संध्याकाळी कुलूप काढलं. पाटकरांच्या विनवणीने न उघडलेलं दार कंपनीच्या एका ओळीने उघडलं. दुसरा कुणी माझ्या जागी बसेल ही कल्पना मला क्षणभरही सहन झाली नाही. तत्त्वाचं काय झालं, असं भाविकाने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निम्मी माणसं परत आलीच नाहीत. आली त्यांनी नुसते फोटो टाकले. चार ओळी लिहायच्या कुणासाठी, ऐकणारा तर गेला, असं कुणी म्हटलं नाही, पण तसंच होतं ते. मी नियमाची आठवण करून दिली. एकाने लिहिलं, "आता कशाला, सर?" पुढे कंपनीने अंधांसाठीच्या काही ॲपना सूट दिली. त्यांतलं एकही मराठी वाचत नाही.

शेवटी मी अंबरनाथला गेलो. शिवमंदिराच्या रस्त्याला पाटकरांचं घर आहे, तळमजल्यावर. वहिनींनी कोकम सरबत दिलं. मी म्हटलं, "पाटकर, तेव्हा उघडायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "हवं होतं."

जाऊ द्या हो, असं काही ते पुढे म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते सरबत पीत राहिले. मग म्हणाले, "आलाच आहात तर वाचा काहीतरी. काय लिहितायत लोक?"

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी जातो. आठवडाभराचं ग्रुपवरचं वाचून दाखवतो. फोटो असेल तर त्यात काय आहे ते मी सांगतो. ते मधेच अडवतात, "पिवळं म्हणजे कसलं पिवळं? हळदीचं की रिक्षाच्या टपाचं?" मी पुन्हा बघतो. मग ते उत्तर सांगतात आणि मी त्यांच्या नावाने टाइप करतो. त्यांची ओळ माझ्या बोटांतून जाते आणि लोक पूर्वीसारखे हसतात. कुणाला वाटेल, प्रायश्चित्त झालं. मलाही काही दिवस तसं वाटलं होतं.

पण या प्रायश्चित्तातही मी एक फट ठेवली होती. पाटकरांना कुणी थेट काही लिहिलेलं असलं, त्यांचं कौतुक केलेलं असलं, की माझा अंगठा ते वर सरकवायचा. मी पुढचं वाचायला घ्यायचो. पहिल्यांदा झालं तेव्हा चुकून झालं असं मी स्वतःला सांगितलं. पुढे तसं सांगायचीही गरज उरली नाही.

या वर्षी जांभळं आली आणि गेल्या आठवड्यात भाविकाने मला फोन केला. तिचं लग्न ठरलंय, ती नाशिकला जाणार आहे. त्याबद्दल बोलून झाल्यावर म्हणाली, "दादा, काका नाराज आहेत का माझ्यावर?"

"का गं?"

"मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं. जाण्याआधी म्हणून. त्यांनी सगळ्यांना उत्तर दिलं, मला नाही दिलं. वाचलं ना त्यांनी?"

"बघतो," मी म्हटलं.

"प्लीज बघा हां. गलती हुई असेल तर माफी मागते मी."

माझा मत्सर आतापर्यंत माझ्याच पोटात होता, किंवा मी तसं धरून चाललो होतो. आता एक मुलगी आपली काय चूक झाली हे शोधत बसली होती.

काल रविवार होता. पाटकर नेहमीच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. मी नवीन काही वाचायच्या आधी म्हटलं, "गेल्या वेळचं एक राहिलंय. भाविकाचं. खरं म्हणजे राहिलं नव्हतं, मी वाचलं नाही. याआधीही बरीच वाचली नाहीत. तुमच्याबद्दल चांगलं लिहिलेली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, कुलपाचंसुद्धा. मी तयार होतो. ते म्हणाले, "मोठं आहे का फार?"

"नाही. छोटंच आहे."

"वाचा मग."

मी वाचलं. "काका, तुम्ही विचारलं म्हणून मी माझी गल्ली बघितली. नाहीतर मला कधी कळलंच नसतं की वाळत घातलेल्या जीन्सच्या खिशात चिमण्या शिरतात. आता नवीन गावात जाणार आहे, तिकडे काय दिसलं ते पण सांगेन. तुमच्यासाठी सांगायची सवय लागली आहे, ती जात नाही."

वाचताना हेव्याचं तेच जुनं तुरटपण जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांत ते कमी झालेलं नाही, आणि काल कमी झालं असंही मी म्हणणार नाही.

पाटकर हसत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा भांडी ठेव." आणि मला म्हणाले, "मोहिते, पुन्हा वाचा की. मोठ्याने. हिलाही ऐकू दे."

मी खाकरलो आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात.